चार कच्च्या कॅप आणि मधली फट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्याचे आहेत तो माझा थोरला भाऊ देवानंद. माझे वरचे, समोरचे दात त्यानेच मोडले. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि पुढे कितीही राग आला तरी त्यातलं एकही मी खोडणार नाही.

हे लिहायचं कारण साधं आहे. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना नुकत्याच दातांच्या कच्च्या, म्हणजे तात्पुरत्या, कॅप बसल्या. शाळेच्या फाटकाशी भेटले तेव्हा हसून दाखवून म्हणाले, "छान बसल्या गुरुजी. आता पक्क्या कायले पाह्यजे?" मी त्यांना तिथेच उभं करून अर्धा तास बोललो. तरी त्यांना पटलं नाही. म्हणून लिहितो.

पौर्णिमेची सकाळ

वर्ध्याहून सेलूच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आमचं गाव. आषाढ पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावास सुरू होतो. तिथून तीन महिने रोज ग्रंथवाचन. मी दहावी झालो तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडे आहे, कारण वस्तीत सर्वांत शिकलेला मीच; पुढे पहिला पदवीधरही मीच झालो. आणि मी पदवीधर आहे, कारण बाबा गेल्यावर देवानंदने सातवीत शाळा सोडली आणि थोडा मोठा होताच जिनिंगवर कापसाच्या गाठी ओढायला लागला. हे मला कुणी सांगायची गरज नाही. सांगतात मात्र सगळेच.

त्या सकाळी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघ्यातल्या माझ्या खोलीवरून निघायला उशीर झाला आणि बस चुकली. पोचलो तेव्हा वंदना आटोपून वाचन सुरू झालं होतं. माइकसमोर देवानंद बसला होता. पांढरा शर्ट, भिजवून चापून बसवलेले केस, ओळीवर ठेवलेलं बोट. तो अडखळत होता. पहिल्यांदा अडला तेव्हा मी मागून शब्द पुरवला. दुसऱ्यांदाही पुरवला. चौथ्या-पाचव्या वेळी पोरी तोंडावर पदर-ओढणी धरून हसायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "देवा, ऊठ बाप्पा, मास्तर आले."

देवानंदने ती ओळ पुरी केली. मग बोट उचललं आणि उठला.

बाहेर नळाच्या ओट्याजवळ मी त्याला गाठलं.

"एवढा कायले तापला? चुकत होतं म्हणून सांगितलं."

"तुले कोनी सांगाले सांगितलं होतं का?"

यावर मी जे बोललो ते शुद्ध पुस्तकी मराठीत बोललो, मुद्दाम. "येत नाही, तर माइकसमोर बसायचं कशाला?"

त्याने एकच मारली. मी तोंडावर पडलो, ओट्याच्या सिमेंटच्या कडेवर. माझाही शर्ट पांढराच होता.

केस पेपर

शहराच्या कडेला दातांचं मोठं रुग्णालय आहे. शिकणारे डॉक्टर, लांब रांगा, तोंडावर रुमाल धरून बसलेली माणसं. खिडकीवरच्याने मान वर न करता विचारलं, "कसं लागलं?"

"पडलो."

आता त्याने मान वर केली. "कोणी मारलं असेल तर आत्ताच सांगा. तसं लिहावं लागतं, पोलिसांना कळवावं लागतं."

"पडलो," मी म्हणालो. तुटक्या दातांतून त्या शब्दातली निम्मी हवा बाहेर गेली.

मी भावाला वाचवलं, असं वाटून घेऊ नका. त्याच दुपारी मी मायला फोन केला. "त्याला सांग, मी अजून नाव घेतलं नाही. अजून." तो दुसरा 'अजून' मी सावकाश म्हटला. तोंडाचे फोटो काढून ठेवले होते, रक्ताचा शर्ट न धुता पिशवीत बांधून ठेवला होता. शिकलेल्या माणसाला पुरावा कसा ठेवायचा ते कळतं.

माय म्हणाली, "तुह्या तोंडानंच गेले रे तुहे दात."

"तू त्याचीच बाजू घे."

"मी कोनाची घेऊ? दोघंई माह्याच पोटचे सैतान."

एक्सरे पाहून अनघा मॅडमनी निकाल दिला. त्या तिथे पुढचं शिकत होत्या, वयाने माझ्याहून लहान असाव्यात. बोलणं असं, की जणू मी त्यांच्याच स्कूटरला धडकून दात मोडून घेतले आहेत. "मधले दोन अर्धे तुटलेत, त्यांची नस मेली. बाजूच्या दोघांना तडे आहेत. मुळांचा इलाज करायचा. मग चारही घासायचे आणि कॅप. आधी कच्च्या, हिरडी भरून आली की पक्क्या."

"बाजूचे दोन तर माझे आहेत अजून," मी म्हणालो.

"राहणार नाहीत."

त्या दिवशी मी रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि चहा न पिता उठलो. दुखण्याची भीती नव्हती. घासलेला दात परत येत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी वर्गात उभं राहून बोलतो, तीच माझी भाकर. वस्तीत मला ओळखतात तेही वाचनामुळे. देवानंदने नेमकं तेच मोडलं होतं. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फट बुजवा

कच्ची कॅप कशी होते ते सांगतो, म्हणजे खुर्चीत बसल्यावर तुम्ही घाबरणार नाही.

आधी साचा घेतात. पुदिन्याच्या वासाची गार लापशी पत्र्याच्या वाटीत भरून तोंडात दाबतात आणि ती घट्ट होईपर्यंत नाकाने श्वास घ्यायला सांगतात. मला दोनदा ओकारीची उबळ आली. साच्यातून माझ्या मोडक्या दातांची पांढरी प्रतिकृती निघाली. तिच्यावर मॅडम मेणाने दात बांधणार होत्या. त्यांनी विचारलं, "आधीचे कसे होते? हसतानाचा फोटो आहे?"

फोनमध्ये एकच निघाला. पदवी घेतली त्या दिवशीचा. मी झग्यात, शेजारी देवानंद, दोघंही दात काढून हसतोय.

मॅडमनी फोटो मोठा केला. "हा कोण? दोघांच्या मधल्या दातांत सारखीच फट आहे."

"भाऊ आहे." फट बाबांची होती. आमच्या घरात ती बाबांकडून आलेली एवढी एकच वस्तू.

"ठेवू की बुजवू? कच्च्यात पाहून घ्या. नाही आवडलं तर पक्क्यात बदलता येतं."

"बुजवा."

"दात थोडे रुंद दिसतील."

"दिसू द्या. बुजवा."

मुळांचा इलाज झाल्यावर पुढच्या खेपेला त्यांनी माझे चारही दात घासले. सुया दिल्या होत्या, दुखलं नाही. पण आपल्याच हाडाचा जळका वास नाकात शिरतो, ते कुणी आधी सांगत नाही. आरशात पाहिलं तर समोर चार बारके खुंट. तिथे कामाला असलेल्या मावशीने माझा हात धरला. मी इतका घट्ट दाबला की ती म्हणाली, "हळू रे बाबू, बांगडी फुटन माही." त्या आठवड्यात माझ्याशी कुणी न रागावता बोललेलं तेवढंच वाक्य.

मग पावडर आणि पातळ द्रव कालवून दाताच्या रंगाचा लगदा केला. मेणाच्या दातांवरून घेतलेल्या साच्यात तो भरला आणि साचा माझ्या खुंटांवर बसवला. नखं रंगवायच्या बाटलीसारखा उग्र वास. लगदा घट्ट होताना गरम होतो. पुरता कडक व्हायच्या आत मॅडम तो काढत होत्या, पुन्हा बसवत होत्या, पुन्हा काढत होत्या. नाहीतर अडकून बसतो म्हणे. मग बारक्या यंत्रावर कडा घासल्या, पांढरी धूळ त्यांच्या चष्म्यावर बसली. निळा कागद दातांखाली धरून म्हणाल्या, "चावा. बाजूला सरका. परत चावा." निळे डाग पडतील तेवढं घासायचं, पुन्हा कागद. सहा वेळा. सातव्या वेळी मी वैतागून मान काढून घेतली.

"मला घाई नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आहे का?"

शेवटी लवंगेच्या वासाच्या मलमाने चारही दातांची ती एकसंध पट्टी चिकटवली. "हे सिमेंट मुद्दाम कच्चं असतं, नंतर काढता यावं म्हणून. पेरू, ऊस, कडक भाकर पुढच्या दातांनी तोडायची नाही. हळदीने पिवळ्या पडतील. पट्टी निघाली तर हात न लावता त्याच दिवशी या. सहा आठवड्यांनी पक्क्या."

आरशात माझं तोंड सलग होतं. फट नव्हती. मी देवानंदसारखा दिसत नव्हतो. मला बरं वाटलं.

गावी गेलो तर माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने नुसतं पाहिलं. "हे कोनाचं तोंड लावून आला रे?"

आत देवानंद जेवत होता. तो उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. ताट तसंच राहिलं.

मी परत का गेलो नाही

सहा आठवड्यांचे आठ महिने झाले. विचारणाऱ्याला मी सांगायचो, शाळेचं काम असतं. कॅप चांगल्या दिसत होत्या, म्हणून चाललंही. तर्री-पोह्यांनी पिवळ्या पडल्या होत्या, पण पिवळे दात वर्ध्यात कुणाला खटकत नाहीत.

खरं कारण वेगळं होतं. पक्क्या कॅप बसल्या असत्या तर दुखणं संपलं असतं. मग त्याच्याविरुद्ध माझ्या हातात काय उरलं असतं? कच्च्या होत्या तोवर मी मायला फोनवर म्हणू शकत होतो, "अजून इलाज चालूच आहे." प्रत्येक वेळी मला माहीत असायचं की ती हे आत जाऊन त्याला सांगणार.

डिसेंबरात आठवीच्या वर्गात धडा वाचून दाखवत होतो. एका वाक्याच्या मधेच पट्टी सुटली आणि पुस्तकावर पडली. सगळा वर्ग हसला. मी तोंडावर हात धरून ओरडायला गेलो, तर नुसती फुसफुस निघाली. ते अजून हसले. मी अख्ख्या वर्गाला मधल्या सुटीत उभं ठेवलं. दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. हसण्यात त्यांची चूक नव्हती. पण वाचताना कुणी हसलं की माणसाचा हात कसा शिवशिवतो, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणून मी भावाला फोन केला, असं काही झालं नाही.

आणि आता माझी चूक. सुटी टाकून रुग्णालयात जायच्या ऐवजी मी हस्तकलेच्या कपाटातली झटकन चिकटणाऱ्या गोंदाची नळी घेतली आणि बाथरूमच्या आरशात पट्टी पुन्हा चिकटवली. आधी कच्च्या सिमेंटने धरली नव्हती इतकी पक्की बसली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. कृपा करून असं करू नका. त्या गोंदाखाली अन्न अडकत गेलं, आत सडत गेलं, आणि मला तीन महिने पत्ता लागला नाही.

वॉर्ड

मार्चमध्ये पेपर तपासताना वरचा ओठ जड वाटला. दुसऱ्या सकाळी डावा डोळा उघडेना. गाल इतका फुगला की मी दार उघडल्याबरोबर घरमालकीणबाई "बाई गं!" म्हणून आधी मागे सरकल्या आणि मग रिक्षा बोलावली. अंगात ताप होता. मला भरती करून घेतलं. सलाइन, सुया, दर काही तासांनी कुणीतरी येऊन गाल दाबून पाहायचं.

अनघा मॅडम आल्या, पट्टी हलवून पाहिली, हलली नाही. "हे कशाने चिकटवलं?"

मी हाताने नळी पिळल्यासारखं करून दाखवलं.

"गुरुजी आहात ना तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

दुपारी डोळा किलकिला करून पाहिलं तर खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर देवानंद. जिनिंगवरूनच आला होता, भुवयांवर कापूस.

"मी काई तुह्यासाठी नाई आलो," तो म्हणाला. "मायनं पाठवलं." मग डब्यातली तांदळाची पातळ कणी चमच्यात घेतली. "गिळ."

मी मान फिरवली.

"गिळ म्हनतो ना. लोक पाहून राह्यले."

गिळली. आम्ही आठ महिन्यांनी एकमेकांशी बोललो ते हे.

मग एक नवीन डॉक्टर कागद घेऊन आले. भरतीचा पेपर पुरा करायचा होता. "मूळ दात कशाने गेले?"

मी बोलायच्या आत देवानंद उभा राहिला. "म्या मारलं. लिहा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुम्ही कोण?"

"मोठा भाऊ. देवानंद. नाव लिहा, गाव लिहा. आठ महिन्यांपासून धाकात ठेवून राह्यला हा मले. माय भाकर खात नाई धड. लिहून टाका एकदाचं."

"पोलिसांत जाईल हे."

"जाऊ द्या ना. मी कुठं पळून राह्यलो?"

मी मान जोरात हलवली. ओठांतून शब्द निघेना, म्हणून खूण करून पेन मागितलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं. डॉक्टरांना द्यायच्या आधीच देवानंदने ती चिठ्ठी ओढून घेतली. त्याने बोट ठेवलं.

"मी... न... नळा... च्या..."

शेजारच्या खाटेवरचा माणूसही ऐकत होता. डॉक्टर घड्याळ पाहत होते. पुढचा शब्द मला माहीत होता, मीच लिहिला होता. मी तो पुरवला नाही. बोलण्याइतकं माझं तोंड उघडतच नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

"...ओट्यावर... प... पडलो." त्याने पुन्हा पहिल्यापासून, आता सलग वाचलं. "मी नळाच्या ओट्यावर पडलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "खोटारड्या."

"जुन्या पेपरवरही 'पडून' असंच आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दोघं आधी ठरवा." मी छातीवर हात मारून चिठ्ठीकडे बोट दाखवलं. त्यांनी पेशंट सांगतो तसं लिहिलं आणि गेले.

देवानंदने मला माफ केलं नाही, मीही त्याला नाही. तो डबा धुऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन रंजनावहिनी आल्या. त्यांचा माझ्यावरचा राग देवानंदपेक्षा मोठा. डबा आपटून ठेवला. "भाऊजी, तुमाले एक गोष्ट सांगतो, मंग जातो. त्या पौर्णिमेच्या आंधी आठ दिवस ते एकच पान वाचून राह्यले होते. कामावरून आले की तेच. मी म्हनलं, कायले? तं म्हने, मिलिंद दरवर्षी वाचते, एक खेप त्याले बी ऐकू दे, बसून." त्या उठल्या. "तुमी ऐकलं मस्त."

ताप त्या दिवशी उतरला होता. मी तोंड भिंतीकडे करून पडून राहिलो.

पुन्हा साचा

गोंदाची पट्टी काढायला मॅडमना तास लागला. मुळं पुन्हा साफ केली, हिरडी सुकायला वेळ दिला. मग नव्या कच्च्या कॅप करायच्या ठरल्या. त्यांनी जुना साचा कपाटातून काढला.

"हा नको," मी म्हणालो. "फट ठेवा."

"तुम्हीच तर बुजवायला लावली."

"हो."

"परत मेण लावावं लागेल मला. पट्टी नाही चालणार, दोन-दोन वेगळे करावे लागतील." त्या पुटपुटत राहिल्या, पण केलं. या खेपेला निळ्या कागदावर त्या म्हणतील तितक्या वेळा चावलो. सहा आठवडे संपले त्या सोमवारी सकाळी रांगेत पहिला होतो. पक्क्या कॅपचं माप दिलं.

ज्यांच्या तोंडात आज कच्च्या कॅप आहेत त्यांना एवढंच सांगतो. दिलेल्या तारखेला जा. आणि जात नसाल, तर का जात नाही ते स्वतःला एकदा खरं खरं विचारा.

पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी मी देवानंदला पत्र लिहिलं. फोनवर आवाज भरून पाठवता आला असता. पण मला ते त्याने वाचायला हवं होतं. ठळक अक्षरांत, ओळींमध्ये जागा सोडून लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

भाऊ,

जयभीम.

हे पत्र वहिनीले वाचाले देजो नको. तू वाच. घाई नाई.

तू मले मारलं. ते मी विसरलो नाई. थंड पानी पेलो की हिरडी आठवन देते. तू माफी मागितली नाई, मागजो बी नको, मले ऐकाले जमनार नाई.

माह्या वाटची मी मागतो. त्या दिवशी मी तुले मदत करत नव्हतो. मले दाखवाचं होतं का मले येते. तुह्याच पैशानं शिकलो, अन् तुलेच दाखवलं.

रक्ताचा शर्ट मी फेकला. फोटो बी पुसले. आता माह्याजवळ काई नाई.

येत्या सोमवारी पक्क्या कॅप बसतात. मधात फट ठेवाले सांगितली. बाबाची होती तशी. तुही आहे तशी.

पौर्णिमेले मी पहिल्या बसनं येतो. पहिलं पान तू वाच. तेच, मागच्या सालचं. मी समोर बसनार नाई, मागं चपलाजवळ बसतो. तू अडला तं थांबजो. कोनी हासलं तं हासू दे.

मी बी थांबतो. तोंड बंद करून.

तुहा
मिलिंद